पडदा बदलताना

रेडिओवर बसून टीव्हीबद्दल बोलायचं म्हणजे थोरल्या जावेच्या चुलीपुढं बसून धाकटीचं कौतुक करण्यासारखं आहे. पण थोरली मोठ्या मनाची असते, ऐकून घेईल. आणि मी काही कौतुक करायला आलेलो नाही. २०२५च्या पावसाळ्यात आमच्या साताऱ्याच्या घरातला जुना टीव्ही बंद पडला. नवा घेण्यासाठी महिनाभर मी जो अभ्यास केला, तेवढा बी.ए.च्या परीक्षेलाही केला नव्हता. तो तुमच्या उपयोगी पडावा, एवढाच हेतू.

टीव्ही माझा नव्हता, अम्मीचा होता. अम्मीनं ऐंशी ओलांडली आहे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले आहेत, कान जवळजवळ गेले आहेत. अब्बा गेल्यापासून खाटेवरून दिसणारा तो एकवीस इंची डबाच तिची सोबत होता. बातम्या देणाऱ्या बाईंचे ओठ बघून ती अर्धी बातमी ओळखते. महाभारत मालिका लागायची तेव्हा आमच्या बोळातली निम्मी माणसं आमच्या दारात असायची आणि सगळ्यांच्या पुढं अम्मी बसलेली. ते संवाद राही मासूम रझा या कवीनं लिहिले आहेत, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "मग तू काय करतोयस?" असो. सांगायचं एवढंच, की डबा बंद पडला त्या दिवशी घरात फक्त एक यंत्र बिघडलं नव्हतं.

दुरुस्तीवाल्यानं मागचं झाकण काढलं आणि मान हलवली. पिक्चर ट्यूब गेली होती. ही ट्यूब म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची मोठी सुरई. सुरईच्या गळ्यात इलेक्ट्रॉन सोडणारी बंदूक असते. सुमारे पंचवीस हजार व्होल्टच्या जोरावर ते इलेक्ट्रॉन पुढच्या काचेवर आतून आदळतात आणि तिथला लाल, हिरवा, निळा लेप उजळतो. गळ्याभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यांतून जाणारी वीज त्या झोताला डावीउजवीकडे, वरखाली फिरवते. असं एकेक रेघ ओढत सेकंदाला पंचवीस चित्रं तयार होतात. कार्ल ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञानं १८९७ मध्ये बनवलेल्या नळीचं हे वाढलेलं रूप. झोताला फिरायला लांबी लागते, म्हणून तो टीव्ही मागं एवढा फुगलेला असायचा. आता घरगुती टीव्हीसाठी अशा नळ्या बनवणारे कारखानेच बंद झाले आहेत. जुनी, वापरलेली नळी कुठून तरी शोधून बसवायची, तर ती किती दिवस चालेल याची हमी कोण देणार?

मग गेलो पोवई नाक्यावरच्या दुकानात. भिंतभर पडदे, प्रत्येकावर तेच पोपट आणि तेच धबधबे. माझा मुलगा पुण्याहून फोनवर सांगत होता, "अब्बा, ओएलईडीच घ्या." दुकानातला पोरगा म्हणत होता, "काका, क्यूएलईडी बघा." मी विचारलं, साधा एलईडी म्हणजे काय? तो म्हणाला, "तो साधा असतो."

घरी येऊन वाचलं तेव्हा पहिली गोष्ट कळली, की ज्याला आपण एलईडी टीव्ही म्हणतो तो मुळात एलसीडीच आहे. एलसीडी म्हणजे द्रवस्फटिक. हा पदार्थ वाहतो पाण्यासारखा, पण त्याचे रेणू स्फटिकासारखे शिस्तीत उभे राहतात. फ्रीडरिक रायनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला त्याचा हा दुहेरी स्वभाव १८८८ मध्ये गाजरातल्या कोलेस्टेरॉलवर प्रयोग करताना दिसला. गाजरापासून टीव्हीपर्यंतचा प्रवास असा आहे. द्रवस्फटिक स्वतः उजेड देत नाही. तो खिडकीच्या पट्ट्यांसारखा वागतो. वीज कमीजास्त केली की पट्ट्या उघडतात, मिटतात आणि मागचा उजेड तेवढाच पुढं येतो. हा मागचा उजेड पूर्वी बारीक ट्यूबलाइटचा असायचा, आता एलईडी दिव्यांचा असतो. एवढाच बदल, आणि नाव बदललं. पांढऱ्या उजेडाचे हे दिवे शक्य झाले ते निळ्या एलईडीमुळं. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. क्यूएलईडी हाही एलसीडीच. त्यात निळ्या उजेडापुढं अतिसूक्ष्म कणांचा थर असतो आणि तो लाल-हिरवा रंग अधिक शुद्ध करतो. या क्वांटम कणांच्या शोधालाही २०२३ चं नोबेल मिळालं आहे.

एलसीडीची अडचण एकच. खिडकी कितीही घट्ट लावली तरी फटीतून उजेड झिरपतो. म्हणून रात्रीचा प्रसंग काळा न दिसता राखाडी दिसतो.

ओएलईडीची जात वेगळी. त्यात मागं दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळं दाखवायचं असेल तिथं चक्क विझतो. कोडॅक कंपनीतल्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये अशा सेंद्रिय थराच्या दिव्यावरचं संशोधन प्रसिद्ध केलं. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात मी तो पडदा पाहिला. अमावास्येचं आकाश आणि त्यात चांदण्या. कवी माणूस, अर्धा तिथंच विकला गेलो. बाजूला सरकून पाहिलं तरी रंग फिके होत नाहीत, हा आणखी एक गुण.

पण सेंद्रिय थर वापरानं झिजतो आणि जो ठिपका जास्त जळतो तो आधी थकतो. एकच वाहिनी रोज दहा तास लावली, की कोपऱ्यातलं तिचं चिन्ह आणि खालची बातम्यांची पट्टी पडद्यावर कायमची उमटण्याचा धोका राहतो. नव्या संचांत त्यावर उपाय असतात, पण धोका शून्य होत नाही. आमच्या अम्मीचा टीव्ही सकाळी सातला लागतो आणि वाहिनी बदलत नाही. शिवाय तिच्या खोलीला पूर्वेची मोठी खिडकी आहे. उन्हाच्या खोलीत अमावास्या काय कामाची? तिथं भरपूर उजेड फेकणारा साधा एलईडीच बरा. किमतीत तर दुपटीहून जास्त फरक. प्लाझ्मा नावाचा तिसरा भाऊ होता, वायूच्या सूक्ष्म कोठड्यांचा. त्याचं उत्पादन मोठ्या कंपन्यांनी २०१३-१४ मध्येच थांबवलं. कुणी जुना स्वस्तात देत असेल तर लांबूनच सलाम करा.

निर्णय होईना, म्हणून सांगलीला आपाकडं गेलो. आपाचं घर कृष्णेपासून फार लांब नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी पंचेचाळीस. तेव्हा आपाकडंही डबाच होता. दोन माणसांनी मिळून उचलायचा जड डबा, आणि घरात ती एकटी. तिनं कागदपत्रं आणि शिवणयंत्राचं डोकं माळ्यावर टाकलं, टीव्ही पाण्याला दिला. आता तिच्या भिंतीवर बत्तीस इंची एलईडी आहे. म्हणाली, "बाबा, ह्याला मी एकटी खुंटीवरनं काढते." पडद्यांच्या एवढ्या चर्चेत वजनाचा हा मुद्दा मला कुणी सांगितला नव्हता.

आपानं दुसरंही सांगितलं. तिच्या टीव्हीत दोन वर्षांनी अंधार पडला होता, आवाज मात्र चालू. गल्लीतल्या कारागिरानं मागच्या दिव्यांच्या पट्ट्या बदलल्या आणि काम थोडक्यात भागलं. एलईडीत दिवे बदलता येतात. पडदाच फुटला तर मात्र खर्च जवळजवळ नव्या टीव्हीइतका. ओएलईडीत दिवा आणि पडदा एकच, म्हणून तिथं पट्टी बदलण्याचा मार्गच नाही. परतताना मिरजेत उतरलो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या सतारमेकरांच्या दुकानांत आजोबांच्या काळातली वाद्यं जवारी काढून घ्यायला येतात. टीव्हीला ते भाग्य नाही. पण निदान उघडून दुरुस्त होईल असा घ्यावा, हे मनाशी ठरवलं.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली, आकार. जुना एकवीस इंची पडदा चौकोनी होता, त्याची उंची साडेबारा इंच. नवे पडदे आडवे, म्हणून बत्तीस इंचीची उंचीही जेमतेम पावणेसोळा भरते. मोतीबिंदू काढलेल्या माणसाला एवढी वाढ पुरत नाही. त्रेचाळीस इंचीची उंची एकवीस इंच. जुन्याचा जेवढा कर्ण, तेवढी नव्याची उंची! खाट भिंतीपासून सात फुटांवर, म्हणून हेच माप ठरलं.

दुसरी, फोर-के. त्यात सुमारे त्र्याऐंशी लाख ठिपके असतात. आपल्या साध्या वाहिनीच्या चित्रात चार लाखांच्या थोडे वर. म्हणजे एका ठिपक्याचे वीस करून यंत्र मधल्या जागा अंदाजानं भरतं. दूध तेवढंच आणि पाणी वीसपट. म्हणून दुकानात पोपट बघू नका. तुमच्या घरी येते ती साधी वाहिनी लावून दाखवा म्हणा.

तिसरी, आवाज. जुन्या डब्याचा स्पीकर समोर तोंड करून होता. सपाट टीव्हीत जागा नाही, म्हणून तो बहुधा खाली किंवा मागं बोलतो. ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी पाठ करून बोलण्याचा हा प्रकार. समोर ठेवायचा छोटा स्पीकर वेगळा घ्यावा, पडद्यावरचे थोडे पैसे वाचवून.

चौथी, रिमोट. नव्या रिमोटवर आकडेच नसतात. अम्मीला वाहिनीचं नाव वाचता येत नाही, आकडा पाठ आहे. केबलच्या डब्याचा आकड्यांचा रिमोट तिच्या हातात ठेवला आणि टीव्हीचा कपाटात.

उशिराचा एक फायदा झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांवरच्या टीव्हींवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. त्रेचाळीस इंची साधा एलईडी घेतला. बाजूनंही नीट दिसतो ना, हे दुकानात खाटेच्या कोनात उभं राहून तपासलं. जुना डबा भंगारवाल्याला दिला नाही. त्याच्या काचेत किलोच्या हिशेबानं शिसं असतं आणि तांब्यासाठी तो नाल्याकाठी फोडला जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणं असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडं जायला हवा. तिथं पोहोचवायला दोन खेपा पडल्या, पण पोहोचवला.

टीव्ही लावला. अम्मी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही माणसं सगळी फुगली की रे!" चौकोनी चित्र आडव्या पडद्यावर ताणलं गेलं होतं. कपाटातला रिमोट काढून चित्र मूळ मापात आणलं, दुकानाचा भडक प्रकाश कमी केला. दोन बाजूंना काळे पट्टे आले आणि मधे तिची बातम्यांची बाई पुन्हा पूर्वीसारखी. अम्मीनं तिचे ओठ पाहिले आणि मला बातमी सांगितली.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांचा अभ्यास, घरात बोलणं. आमच्याकडं भोंगा नाही. मगरिबची अजान अम्मीला ऐकू येत नाही. खिडकीतला उजेड बघून ती वेळ ओळखते आणि स्वतः टीव्ही बंद करते. नमाजनंतरचा अर्धा तास ती माझ्याकडं तोंड करून बसते. मी सावकाश बोलतो, ती माझे ओठ बघते. नवा पडदा घेताना इतकं वाचलं, इतक्यांना विचारलं. पण तिच्यासमोर उजेडात बसून बोलायला हवं, हे मला त्या टीव्हीनं शिकवलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)