जुन्या शॉट ग्लासची पारख

व्हिस्कीचा एक घोट मावेल एवढा लहान पेला म्हणजे शॉट ग्लास. अमेरिकेतील संग्राहक सर्वाधिक मान देतात तो साधारण १८८० ते १९२० या काळातील जाहिरातीच्या पेल्यांना. व्हिस्की गाळणारे कारखानदार आणि घाऊक व्यापारी आपले नाव कोरलेले हे पेले गुत्त्यांना व गिऱ्हाइकांना फुकट वाटत. सिनसिनाटी, लुईव्हिल, सेंट लुईस, सॅन फ्रान्सिस्को अशा शहरांत या व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. १७ जानेवारी १९२० रोजी देशभर दारूबंदी लागू झाली आणि यांतील बहुतेक पेढ्या कायमच्या बंद पडल्या. ५ डिसेंबर १९३३ रोजी बंदी उठली, तोवर पेल्याची घडण आणि छपाई दोन्ही बदलत चालली होती. म्हणून पेला बंदीपूर्वीचा की नंतरचा, हे ठरवणे ही पारखेची पहिली पायरी होय.

बंदीपूर्व पेला हातात घेताच हलका लागतो. त्याची भिंत पातळ असते आणि बूडही फारसे जड नसते. काठावर अनेकदा सोनेरी पट्टी असते, पण वापराने ती झिजलेली आढळते. १९३३ नंतरचे पेले सहसा जाड बुडाचे व वजनदार असतात.

दुसरी खूण अक्षरांची. जुन्या पेल्यांवरील मजकूर आम्लाच्या प्रक्रियेने काचेवर उमटवलेला, पांढरट आणि धूसर असतो. मेरीलँडमधील कंबरलँड येथे जॉर्ज ट्रूग यांच्या कारखान्यात तयार झालेली नक्षी या कामात विशेष नावाजली जाते. काचेवर भाजून पक्के केलेले लाल, निळे, काळे रंग दिसले, तर पेला बहुधा बंदीनंतरचा असतो.

मजकूरही काळ सांगतो. ‘बॉटल्ड इन बाँड’ हे शब्द १८९७ च्या कायद्यातून रूढ झाले, त्यामुळे ते असलेला पेला त्यापूर्वीचा धरता येत नाही. पत्त्यात झिप कोड असेल, तर पेला १९६३ किंवा त्यानंतरचा. बुडावरील नांगराचे चिन्ह अँकर हॉकिंगचे. ही कंपनी १९३७ मध्ये दोन कंपन्या एकत्र येऊन बनली, म्हणून असा पेला बंदीपूर्वीचा नसतो.

काच रंगहीन करण्यासाठी पूर्वी तिच्यात मँगनीज घालत. अशी काच अतिनील दिव्याखाली हिरवट चमकते आणि वर्षानुवर्षे उन्हात राहिली, तर फिकट जांभळी होते. ही खूण एकटी मात्र पुरेशी नाही. मँगनीज नंतरच्या काही काचांतही सापडते आणि कृत्रिम किरणांनी काच मुद्दाम जांभळी करून विकणारेही आहेत.

किंमत ठरते ती दुर्मीळता, चित्र, ठिकाण आणि अवस्था यांवर. ओहायोतील डेटनची हेनर कंपनी टपालाने व्हिस्की विकत असे. तिचे पेले घरोघरी पोचल्याने आजही सहज मिळतात आणि स्वस्त असतात. याउलट पश्चिमेकडील छोट्या गावातील एखाद्या गुत्त्याचा पेला मोजकाच उरलेला असतो. नुसती अक्षरे असलेल्या पेल्यापेक्षा प्राणी, माणूस किंवा इमारत कोरलेला पेला महाग जातो. पर्यटनस्थळांवरील सामान्य स्मरणपेल्यांना सहसा काही डॉलरच येतात, तर बंदीपूर्व दुर्मीळ चित्रांकित पेल्यांना शेकडो डॉलर मोजले जातात.

काठाचा उडालेला टवका, तडा किंवा ओरखडे किंमत एकदम खाली आणतात. भांडी धुण्याच्या यंत्रात वारंवार धुतल्याने काच धुरकट होते. हा दोष पुसून जात नाही. टवका घासून लपवला असेल, तर काठाची उंची सगळीकडे सारखी भरत नाही.

बनावट पेला ओळखण्यासाठी सर्व खुणा एकत्र पडताळाव्या लागतात. बंदीपूर्व कंपनीचे नाव आणि बुडाशी जाड काच, किंवा झिजलेले बूड आणि कोरी, टवटवीत अक्षरे, अशी विसंगती संशयास्पद असते. विक्रेत्याने मागितलेला आकडा हा भाव नव्हे. तसाच पेला, त्याच अवस्थेत, अलीकडच्या लिलावांत प्रत्यक्ष कितीला गेला, यावरूनच योग्य किंमत ठरते.