पुण्याला व्यावसायिक फुटबॉल संघ परत मिळेल का?

क्रीडा प्रतिनिधी, पुणे

देशाच्या दोन प्रमुख फुटबॉल स्पर्धांमध्ये मिळून एकाच शहराचे तीन संघ, ही चैन २०१४-१५ च्या मोसमात दोनच शहरांच्या वाट्याला आली होती. एक अर्थातच कोलकाता. दुसरे होते पुणे. पुणे एफसी आणि भारत एफसी हे संघ आय-लीगमध्ये, तर एफसी पुणे सिटी नव्यानेच सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) खेळत होता. पुढच्याच मोसमात डीएसके शिवाजीयन्स हा चौथा संघ आय-लीगमध्ये दाखल झाला. मात्र २०१९ च्या उन्हाळ्यानंतर यांपैकी एकही संघ उरला नाही. कोलकात्यात फुटबॉल आजही नांदतो आहे. पुण्यात मात्र बालेवाडीच्या मैदानावर दुसऱ्या शहराचा संघ पाहुणा म्हणून उतरला, तरच मोठा सामना पाहायला मिळतो.

साहजिकच शहरातील फुटबॉलप्रेमी एक प्रश्न सतत विचारत असतात: पुण्याला आपला व्यावसायिक संघ परत मिळेल का? याचे उत्तर शोधायचे, तर आधीचे संघ का टिकले नाहीत हे पाहावे लागते. तेच दुखणे कायम राहिले, तर नवा संघ येईल आणि तोही जाईल.

बारा वर्षे, चार संघ

सुरुवात आश्वासक होती. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये पुणे एफसीची स्थापना केली. दुसऱ्या श्रेणीतून वर येत या संघाने २००९-१० च्या मोसमात आय-लीगमध्ये पदार्पण केले आणि पहिल्याच प्रयत्नात तिसरे स्थान मिळवले. २०१२-१३ मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली संघ उपविजेता ठरला आणि २०१४ मध्ये एएफसी चषकात खेळला. क्लबने नुसता पहिला संघ उभा करून न थांबता अकादमीही चालवली. राष्ट्रीय युवा स्पर्धेतील विजेतेपदे हे त्या अकादमीचे फलित होते.

२०१४ मध्ये कल्याणी समूहाने भारत एफसी हा संघ थेट आय-लीगमध्ये उतरवला. हा संघ तळाला राहिला आणि एकच मोसम खेळून बंद पडला. त्याच वर्षी, म्हणजे २०१५ मध्ये, पुणे एफसीनेही माघार घेतली. पुढे त्यांची अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली. डीएसके शिवाजीयन्सने दोन मोसम काढले. लोणी काळभोर येथे लिव्हरपूल क्लबच्या सहकार्याने चालणारी त्यांची निवासी अकादमी देशभर नावाजली गेली होती. लालियानझुआला छांगटे आणि जेरी माविमिंगथंगा हे पुढे भारतीय संघापर्यंत पोहोचलेले खेळाडू याच क्लबचे. तथापि मालक समूह आर्थिक अडचणीत सापडला आणि २०१७ नंतर हा संघही मैदानावर दिसला नाही.

उरला तो एफसी पुणे सिटी. वाधवान समूहाचे पाठबळ, चित्रपट अभिनेत्यांची भागीदारी, इटलीच्या फिओरेन्टिना क्लबशी करार आणि २०१४ मध्ये फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड ट्रेझेगे, असा मोठा थाट होता. २०१७-१८ मध्ये संघाने प्रथमच उपांत्य फेरी गाठली. घरच्या मैदानावरील पहिली लढत गोलशून्य बरोबरीत सुटली. मात्र बंगळुरूत सुनील छेत्रीच्या तीन गोलांनी पुण्याचे स्वप्न मोडले. पुढच्या वर्षी संघ सातव्या स्थानी घसरला. २०१९ मध्ये मालकांनी हात आखडता घेतला आणि संघ बंद झाला. लीगमधील त्याची जागा हैदराबाद एफसीला मिळाली.

यापुढचा इतिहास पुणेकरांना अधिक बोचणारा आहे. हैदराबादने अवघ्या तीन वर्षांत, मार्च २०२२ मध्ये, केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून आयएसएलचे विजेतेपद पटकावले. मात्र तेथेही पैशांची चणचण भासू लागली, मालक बदलले आणि २०२५ मध्ये संघ दिल्लीला जाऊन 'स्पोर्टिंग क्लब दिल्ली' झाला. पुण्यातून निघालेली ती जागा सहा वर्षांत तिसऱ्या शहरात पोहोचली.

दुखणे पैशाचे की पायाचे?

फुटबॉल क्लबचे उत्पन्न ढोबळमानाने चार मार्गांनी येते: तिकीटविक्री, प्रक्षेपण हक्क, प्रायोजक आणि खेळाडूंची विक्री. भारतात यातील एकही स्रोत क्लबचा खर्च भागवण्याइतका भरवशाचा नाही. खेळाडूंचे पगार, प्रवास, मैदानाचे भाडे, परदेशी प्रशिक्षक हा सारा खर्च शेवटी मालकाच्या खिशातून होतो. मालकाचा मूळ व्यवसाय तेजीत असेपर्यंत संघ चालतो. तो अडखळला, किंवा संचालक मंडळाला फुटबॉलचा कंटाळा आला, की पहिली कुऱ्हाड संघावर पडते. हे केवळ पुण्यात घडलेले नाही. राष्ट्रीय लीगचा पहिला विजेता जेसीटी २०११ मध्ये, तर २००५-०६ चा विजेता महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. दोन्ही संघ अपयशी नव्हते. मालकांना ते नकोसे झाले होते.

पुण्याच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आड आल्या. पहिली, आयएसएल सुरू होताच प्रायोजक आणि दूरचित्रवाणी तिकडे वळले आणि आय-लीगमधील संघ चालवणे हा तोट्याचा, शिवाय दुर्लक्षित धंदा ठरला. दुसरी, एकाच शहरातील तीन-चार संघांनी एकच मैदान आणि तोच मर्यादित प्रेक्षक वाटून घेतला. कोणता संघ 'आपला' हे ठरवायला पुणेकरांना उसंतच मिळाली नाही. एका संघाचे नाव तोंडी रुळेपर्यंत तो बंद होऊन दुसरा आलेला असे.

याच काळात, २०१४ मध्ये, प्रो कबड्डी लीगमध्ये सुरू झालेला पुणेरी पलटण हा संघ मात्र टिकला आणि २०२४ मध्ये विजेताही ठरला. कबड्डीचा खर्च फुटबॉलच्या तुलनेत कमी आणि मोसम आटोपशीर, हे खरेच. परंतु गावोगावच्या मंडळांत रुजलेला खेळ आणि एकाच नावाखाली सलग खेळणारा संघ यांचा मेळ बसला, की प्रेक्षक वर्षानुवर्षे सोबत राहतो, हेही त्यातून दिसते.

शहरात फुटबॉल आहे, पण विखुरलेला

पुण्याला फुटबॉलची परंपराच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. लष्कर आणि खडकी परिसरात ब्रिटिश काळापासून हा खेळ आहे. खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे संघ, डेक्कन इलेव्हनसारखे स्थानिक क्लब, पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेच्या विविध श्रेणींतील साखळी स्पर्धा, शाळा-महाविद्यालयांचे संघ आणि अलीकडे उपनगरांत उगवलेल्या खासगी अकादमी, असा हा पसारा आहे. खेळणारी मुले भरपूर आहेत. मुलींचीही संख्या वाढते आहे. पण हा खेळ आणि बालेवाडीतला व्यावसायिक संघ यांच्यात जिना नव्हता. स्थानिक क्लबचा खेळाडू गुणवत्तेच्या जोरावर एकेक पायरी चढत शहराच्या मोठ्या संघात पोहोचला, असे चित्र अभावानेच दिसले.

नेमकी उलटी स्थिती कोल्हापुरात आहे. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तेथील संघांची नावेच सांगतात, की संघ पेठेचा आहे, मालकाचा नाही. राजर्षी शाहू स्टेडियमवरील स्थानिक स्पर्धेला जी गर्दी होते, तिचा हेवा अनेक व्यावसायिक क्लबांना वाटावा. ही ईर्षा कधी हाणामारीपर्यंत जाते, ही तिची काळी बाजू. पण तिथे संघ बंद पडत नाहीत. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. कोल्हापूरला प्रेक्षक मिळाले, व्यावसायिक लीगमधील संघ नाही. पुण्याला असे संघ मिळाले, पण पेठ मिळाली नाही.

परतीच्या तीन वाटा

व्यावसायिक संघ पुन्हा मिळवण्याचे आजघडीला तीन मार्ग संभवतात.

पहिला, दुसऱ्या शहरातील संघ आणणे. दिल्ली डायनामोज २०१९ मध्ये ओडिशाला गेला, हैदराबाद २०२५ मध्ये दिल्लीला. असा संघ एका रात्रीत मिळतो आणि तितक्याच सहज निघूनही जातो. पुण्याने ही चव एकदा घेतली आहे.

दुसरा, एखाद्या उद्योगसमूहाने नवा संघ काढून थेट प्रवेश मिळवणे. याचे सर्वांत यशस्वी उदाहरण बंगळुरू. जेएसडब्ल्यू समूहाने २०१३ मध्ये संघ काढला, पहिल्याच मोसमात आय-लीग जिंकली आणि २०१७ मध्ये आयएसएलमध्ये प्रवेश केला. मात्र भारत एफसी हेही याच मार्गाचे उदाहरण आहे. बंगळुरूत मालक दीर्घकाळ ठाम राहिला, संघ सतत जिंकत गेला आणि समर्थकांचा गट सुरुवातीपासून संघाशी बांधला गेला. असे तिन्ही योग एकत्र येणे दुर्मीळ.

तिसरा मार्ग खालून वर चढण्याचा. जिल्हा आणि राज्य स्पर्धांतून राष्ट्रीय पातळीवरील तिसऱ्या श्रेणीत, तेथून दुसऱ्या श्रेणीत, मग आय-लीगमध्ये आणि अखेर आयएसएलमध्ये. २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला प्रवेशशुल्काविना आयएसएलचे दार उघडले गेले. त्यातून २०२३ मध्ये पंजाब, २०२४ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंग आणि २०२५ मध्ये इंटर काशी वर गेले. मुंबईच्या केंकरे एफसीनेही २०२१-२२ मध्ये आय-लीग गाठली होती. पण पुढच्याच वर्षी त्याची घसरण झाली. म्हणजे ही वाट मोकळी आहे, सोपी नाही. शिवाय इंटर काशीने वाराणसीचे नाव लावून 'घरचे' सामने पश्चिम बंगालमधील कल्याणीत खेळले, हेही विसरता येत नाही. शहरात मैदान नसेल, तर शहराचा संघ कागदावरच राहतो.

मैदान आहे, पण पुरेसे आहे का?

या बाबतीत पुण्याची बाजू भक्कम आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी उभारलेले आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेच्या वेळी नूतनीकरण झालेले बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल प्रकाशझोतात आंतरराष्ट्रीय सामने घेऊ शकते. २०२२ च्या महिला आशियाई चषकाच्या उपांत्य लढती येथे झाल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई सिटीने इराणच्या नसाजी क्लबविरुद्ध एएफसी चॅम्पियन्स लीगमधील आपला घरचा सामना खेळण्यासाठी बालेवाडीच निवडले.

उणिवाही आहेत. मैदानाभोवती धावपट्टी असल्याने प्रेक्षक खेळापासून दूर बसतो. संकुल शासनाचे असल्याने तारखा इतर कार्यक्रमांशी जुळवून घ्याव्या लागतात. पेठा, लष्कर किंवा हडपसरहून संध्याकाळच्या सामन्याला येऊन रात्री परतणे हे दिव्यच ठरे. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो मार्गावर संकुलासाठी स्थानक योजलेले असल्याने ही अडचण कमी होण्यासारखी आहे.

काळ कठीण, पण संधीचा

प्रश्न केवळ पुण्याचा नाही. भारतीय फुटबॉलच सध्या अडचणीतून जात आहे. महासंघाने २०१० मध्ये केलेला १५ वर्षांचा व्यावसायिक हक्कांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. त्याच्या नूतनीकरणाचा घोळ मिटत नसल्याने २०२५-२६ चा आयएसएल मोसम लांबणीवर पडला, नव्या हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नाही आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर १४ फेब्रुवारी २०२६ पासून छोटेखानी मोसम खेळवण्याची घोषणा झाली. दरम्यान मँचेस्टर सिटीच्या मालक समूहानेही मुंबई सिटी एफसीमधून अंग काढून घेतले. अशा वेळी कोणी उद्योगपती पुण्यात कोट्यवधी रुपये ओतेल, ही अपेक्षा भाबडी ठरेल.

परंतु याच कारणाने तिसरी वाट अधिक व्यवहार्य दिसते. खालच्या श्रेणीतील संघाचा खर्च तुलनेने कमी असतो आणि तो एकट्या मालकाऐवजी अनेक लहान प्रायोजक, सभासद आणि स्थानिक क्लब मिळून उचलू शकतात. क्लब परवान्यासाठी युवा संघ, मैदान, पात्र प्रशिक्षक, कायदेशीर नोंदणी आणि स्वच्छ हिशेब या पाच बाबी पाहिल्या जातात. यांतील पहिल्या तीन गोष्टी शहरात कमी-अधिक प्रमाणात उपलब्ध आहेत. त्यांना एका नावाखाली आणणारी, निवडणुका आणि गटबाजीपलीकडे पाहणारी संस्था मात्र दिसत नाही. जिल्हा संघटनेने स्थानिक साखळीतील विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पाठबळ देणे, शासनाने बालेवाडीच्या तारखा सवलतीत आणि आगाऊ देणे, क्लबांनी आपले चांगले खेळाडू अडवून न ठेवणे, ही त्याची पहिली पायरी ठरू शकेल.

आशिक कुरुनियनसारखा केरळचा मुलगा पुण्याच्या अकादमीत घडला आणि भारतासाठी खेळला. आज पुण्याच्या मुलाला तीच संधी हवी असेल, तर त्याला मुंबई, गोवा किंवा बंगळुरूची गाडी पकडावी लागते. व्यावसायिक संघ नसल्याची खरी किंमत ही मुले मोजत आहेत.

तेव्हा पुण्याला संघ परत मिळण्याची शक्यता आहे, पण ती दोन-तीन वर्षांत आयएसएलमध्ये दिसण्याइतकी जवळ नाही. आठ-दहा वर्षांचा धीर धरून खालच्या श्रेणीत, मोजक्या प्रेक्षकांसमोर सुरुवात करण्याची तयारी असेल, तर ती वास्तवात उतरू शकते. झटपट मिळालेले चार संघ या शहराने गमावले आहेत. पाचवा संघ कोणाच्या मालकीचा असावा, याचा विचार या वेळी आधी व्हायला हवा.