जाळाविना उकळणारं पिंप

दिवाळीआधी घराला चुना देताना तुम्ही पाहिलंय का? आता घरोघरी रंगाचे डबे येतात. मी लहान होतो तेव्हा आमच्याकडे कळीचा चुना यायचा. पांढरे, टणक खडे. आजोबा ते अंगणातल्या पिंपात टाकून वर पाणी ओतायचे आणि ओरडायचे, "लांब सरका रे पोरांनो!"

आधी काहीच व्हायचं नाही. एकदा माझा धाकटा भाऊ कंटाळून पिंपात डोकवायला गेला. आजोबांनी त्याला दंडाला धरून मागं ओढलं, आणि लगेच खडे तडतडले, वाफ उसळली, पाणी चक्क उकळायला लागलं!

"आजोबा, खाली जाळ नाही, मग पाणी कशानं उकळायलंय?"

"जाळ आधीच दिलाय की, भट्टीत," आजोबा म्हणाले. हे उत्तर किती बरोबर होतं, ते मला फार उशिरा कळलं.

आपल्या काळ्या रानात चुनखडीचे खडे सापडतात. त्यांच्यावर कितीही पाणी ओता, ते ढिम्म! पण भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तापवले, की त्यांच्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि उरतो कळीचा चुना. १०० किलो शुद्ध चुनखडीचा होतो ५६ किलो चुना. बाकीचे ४४ किलो हवेत!

मग आपल्या ४२ अंशांच्या उन्हात चुनखडी का फुटत नाही? कारण इथं दोघींची ओढाताण चालते. पहिली ऊर्जा. ती कणांना एकमेकांशी बांधून ठेवते. दुसरी एंट्रॉपी. नाव अवघड आहे, आपण तिला 'पसारा' म्हणू. वर्गात रांगेनं बसायच्या तऱ्हा मोजक्याच. पण मधल्या सुट्टीत मैदानभर पांगायच्या तऱ्हा किती? मोजताच येणार नाहीत. वायूच्या कणांचंही तसंच. तापमान वाढेल तसा पसाऱ्याचा जोर वाढतो. उन्हात ऊर्जा जिंकते, भट्टीत पसारा.

पिंपात मात्र ऊर्जा बाहेर पडते. एक किलो शुद्ध कळीच्या चुन्याची उष्णता तीन लिटरहून जास्त पाणी उकळीला आणू शकते. मग सुरुवातीला शांतता का? कणांना आधी एक उंबरठा ओलांडावा लागतो. थंड पाण्यात थोडेच कण तो ओलांडतात. पण त्यांच्या उष्णतेनं पाणी तापतं, मग आणखी कण ओलांडतात, आणि वेग एकदम भडकतो. म्हणून गप्प पिंपात कधी डोकावू नका. चुना डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. तसं झालंच तर डोळा चोळू नका, वाहत्या स्वच्छ पाण्यानं निदान वीस मिनिटं धुवा आणि तडक दवाखाना गाठा.

भट्टीनं दिलेली सगळी उष्णता पिंपात परत मिळत नाही बरं का. तिथं मिळते एक तृतीयांशाहून थोडी जास्त. बाकीची भिंतीत, अगदी सावकाश. भिंतीतला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो. पण हवेत हा वायू असतो जेमतेम ०.०४ टक्के. शिवाय तो थेट चुन्याला चिकटत नाही. आधी ओलाव्यात विरघळतो, मग चुन्याशी जुळतो. गिलावा कोरडा पडला की काम थांबतं. पाण्यानं गच्च भरला तर वायू आत शिरत नाही. म्हणून गवंडी गिलाव्यावर बेतानं पाणी शिंपडतात, ओलं गोणपाट टाकतात. उन्हाळ्यात तर फार जपावं लागतं.

नांदेड जिल्ह्यातला कंधारचा किंवा लातूर जिल्ह्यातला औशाचा, उदगीरचा किल्ला पाहायला गेलात, तर दगडांच्या सांध्यांतला जुना चुना जवळून बघा. खरवडू नका हं, नुसतं बोट लावा. रानातल्या खड्यासारखाच कडक लागेल.