कमरेचा पट्टा, बटाटावडा आणि मापाची वही

नटाचं वजन वाढलंय हे त्याच्या घरच्यांच्याही आधी कपडेपटाला कळतं. ब्लाउजचा तिसरा आकडा लागेनासा होतो, कुर्त्याच्या काखेत टीप ताणते आणि विंगेतल्या अंधारात मी तोंडात सेफ्टी पिना धरून उभी राहते. नाटकाचे कपडे शिवताना आत भरपूर माया ठेवायची, ही आमची जुनी रीत. नाटक चाललं तर वर्षानुवर्षं चालतं, माणसं काय त्याच मापाची थोडीच राहतात! माप का बदललं हे विचारायची मात्र पद्धत नाही. मला ते न विचारता कळतं, कारण कपडे बदलताना माणूस कण्हतो.

आमच्या एका कौटुंबिक नाटकाच्या नायिकेच्या मणक्यातली गादी सरकली होती. आम्ही त्यांना नुसतं ताई म्हणायचो, इथेही तेवढंच पुरे. दौऱ्याच्या बसमध्ये तासन् तास बसून पाय बधिर व्हायचा, उतरताना दोघांनी धरावं लागायचं, आणि तिसरी घंटा झाली की ह्याच बाई नऊवारीत सरळ उभ्या! त्या सरळ उभं राहण्यामागे आत एक पट्टा असायचा, पाठीशी पोलादी पट्ट्या शिवलेला. ब्लाउज आणि नऊवारीच्या आत हा ऐवज चढवला की कंबर आपोआप इंचभर वाढायची. मी पदर जरा आडवा घ्यायला लावायची, ओचा थोडा फुगवायची. तरी एकदा दादरला शिवाजी मंदिरात प्रयोगानंतर भेटायला आलेल्या एक बाई प्रेमाने म्हणाल्याच, "टीव्हीवर बारीक दिसता हो! आता जरा मनावर घ्या." ताई हसल्या. रंगपटात येऊन पट्टा सोडला आणि मला म्हणाल्या, "हिला हा दाखवून येऊ का गं?"

वजनही वाढत होतं, ते मी कशाला नाकारू? मापाच्या वहीत पुरावाच होता. पण ते कसं वाढत होतं ते मी रोज बघत होते. दुखण्यावरची नेहमीची गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, नाहीतर पोटात आग पडते. मग प्रयोगाआधी "काहीतरी खाऊन घे." नाट्यगृहात त्या वेळेला मिळणारं काहीतरी म्हणजे बटाटावडा. शनिवार-रविवारी दुपारचा आणि रात्रीचा असे दोन प्रयोग असले की दोन गोळ्या आणि दोनदा वडे. भाजी-भाकरीचा डबा आणायचा तर आदल्या रात्री बारानंतर घरी पोचलेल्या, वाकता न येणाऱ्या माणसाने तो पहाटे उठून करायचा कधी? त्यात नस दबल्यावर देतात त्या प्रीगॅबालिनसारख्या गोळ्यांनी काही जणांची भूक खवळते, घोट्यांना सूज येते. ताईंच्या चपलांचा नंबर बदलावा लागला तेव्हा मला हे समजलं. शिवाय रात्रभर कूस बदलत काढली की दुसऱ्या दिवशी माणूस गोडावर तुटून पडतो. झोप कमी पडली की भूक वाढते, हे डॉक्टर सांगतात ते खरंच आहे. मेकअपरूममधला बिस्किटांचा पुडा कोण संपवतं यावर आम्ही पैजा लावायचो. ताईंचं दुखणं कळल्यावर त्या बंद केल्या.

स्टेरॉइडचा कोर्स झालेला नट तर मेकअपवाल्याचं गिऱ्हाईक. चेहरा गोल होतो, मग गालांखाली गडद रंगाची सावली ओढत बसायचं. लांबून, पिवळ्या प्रकाशात, खपून जातं.

ह्या व्यवसायाला हे नवं नाही. बालगंधर्वांचं शरीर पुढे सुटत गेलं, तरी ते स्त्रीभूमिका करत राहिले. शेवटच्या वर्षांत तर पायांनीही साथ सोडली होती. त्यांच्या उतारकाळाच्या आठवणींत त्यांच्या आकाराबद्दल जितकं बोललं जातं, तितकं त्या पायांबद्दल मी क्वचितच ऐकलं आहे.

उलटाही प्रकार असतो, आणि तो मला जास्त घाबरवतो. एक ज्येष्ठ नट, आम्हा सगळ्यांचे काका. पाठीचं जुनं दुखणं. जोरकस गोळ्यांनी त्यांना मळमळायचं, पोट साफ व्हायचं नाही, ताटाकडे बघवायचं नाही. जाकीट खांद्यांवरून उतरायला लागलं. मी आतून दोन बंड्या घालायला दिल्या, खांद्यांत गाद्या भरल्या. प्रेक्षकांनी येऊन काय म्हणावं? "या वयात काय तब्येत राखलीय काकांनी!" काकांनीही एकाला ऐटीत सांगून टाकलं, "रोज सूर्यनमस्कार." त्यांना खाली वाकून मोजेसुद्धा घालता येत नव्हते, ते मी घालत होते.

सल्ला देणारे मात्र दोघांनाही सारखेच भेटायचे: चाला, जिमला जा, मनाचा निग्रह करा. ताईंनी तेही केलं. दौरा नसलेल्या आठवड्यात ट्रेडमिलवर दमेपर्यंत चालल्या, आणि पुढचे दिवस अंथरुणात गेले. त्या अंथरुणातच वजनाने आणखी उचल खाल्ली. दुखलं की झोपून राहायचं, थांबलं की सगळं एका दिवसात भरून काढायचं, ह्या चक्रात पाठीचे स्नायू अजून दुबळे होतात. हे पुढे त्यांच्या फिजिओथेरपिस्टबाईंनी समजावलं. त्यांचा हिशेब घड्याळाचा होता. बरं वाटतंय म्हणून जास्त नाही आणि कंटाळा आलाय म्हणून कमी नाही. मग ताई सेट लागायच्या आधी मोकळ्या रंगमंचावर या विंगेतून त्या विंगेत दहा मिनिटं फेऱ्या मारायच्या. तेवढ्यात प्रकाशयोजनेचा माणूस वरून ओरडायचा, "ताई, डावीकडे थांबा, स्पॉट बघून घेतो!" फुकटात त्याचंही काम व्हायचं. बटाटेवड्याच्या जागी उकडलेली अंडी आणि केळं आलं. वजन उतरलं म्हणावं तर किंचितच. ब्लाउजला कळावं इतकंही नाही.

पण तोवर त्यांचा गुडघाही बोलायला लागला होता आणि त्याला ते कळलं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, गुडघ्याची झीज झालेल्या लठ्ठ माणसांच्या चालण्याची मोजणी केली होती. एक किलो वजन उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असं त्यात निघालं. ताईंना हे समजल्यावर त्या वजनकाट्यावर चिडायच्या थांबल्या.

तरी दुसऱ्या अंकातला जिना होताच. मागे उंच लेव्हल, तिच्यावरून ताईंनी संतापाने खाली यायचं. दिग्दर्शक बरेच दिवस ऐकेना. एका प्रयोगाला ताई खरोखरच कठड्याला धरून, एकेक पायरी मोजत उतरल्या आणि प्रेक्षागृहात टाचणी पडली तर ऐकू येईल असं झालं. प्रयोगानंतर दिग्दर्शक म्हणाला, "हेच ठेवा, काय विचार केलात!" ताई म्हणाल्या, "विचार कसला, गुडघा दुखत होता. रोज नाही जमायचं." मग मुकाट्याने लेव्हल निघाली आणि ताई दारातून यायला लागल्या. निर्मात्याने तेवढंच विचारलं, की मग टेम्पोचं भाडं कमी होणार का.

सर्वांत खूश झाला तो सेट लावणारा आमचा पोरगा. काडीसारखा, तंबाखूवर भूक मारणारा, रोज ते लाकूड टेम्पोतून चढवून-उतरवून कंबर धरून बसणारा. मला म्हणाला, "मावशी, ताईंचा गुडघा दुखला आणि आमची कंबर सुटली. आता देव करो आणि काकांचा खांदा जाम होवो, म्हणजे तिसऱ्या अंकातलं ते कपाट जाईल."