कर द्या, पण मर्जीने!

ऑबेरॉन हर्बर्ट हे ब्रिटनमधल्या कार्नार्वनच्या उमराव घराण्यातले. १८७० ते १८७४ या काळात ते नॉटिंगहॅमचे लिबरल खासदार होते. तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरच्या विचारांनी भारावून त्यांनी ‘व्हॉलंटरीइझम’, म्हणजेच स्वेच्छावाद मांडला: माणसांचे व्यवहार परस्परसंमतीने चालावेत, सरकारचा बडगा मध्ये नको. आपल्याकडे आगरकरांच्या पिढीने ज्या स्पेन्सरची पारायणे केली, त्याच्याच विचाराची ही टोकदार फांदी.

गैरसमज: हा निव्वळ अराजकवाद आहे.
वस्तुस्थिती: हर्बर्ट यांना हे बिरुद मान्य नव्हते. मारहाण आणि फसवणूक यांपासून संरक्षण देणारे सरकार त्यांना हवेच होते. त्याचा खर्च मात्र लोकांनी स्वेच्छेने उचलावा, असा आग्रह होता. अमेरिकन अराजकवादी बेंजामिन टकर तरीही त्यांना आपल्याच पंगतीत बसवत.

गैरसमज: ही श्रीमंतांची सोय.
वस्तुस्थिती: १८७२ मध्ये राजघराण्याच्या खर्चाच्या चौकशीची मागणी करणाऱ्या खासदार चार्ल्स डिल्क यांच्या ठरावाला हर्बर्ट यांनी अनुमोदन दिले आणि आपण प्रजासत्ताकवादी असल्याचे भर सभागृहात सांगितले. जोसेफ आर्चच्या शेतमजूर चळवळीलाही त्यांचा पाठिंबा होता. शिवाय स्वेच्छेने उभ्या राहिलेल्या ‘फ्रेंडली सोसायट्या’ प्रामुख्याने कामगारांच्या होत्या. सभासद नियमित वर्गणी भरत. आजारपणात भत्ता आणि मृत्यूनंतर अंत्यविधीचा खर्च मिळे. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने सरकारी योजना आणली, तेव्हा ती राबवायला याच सोसायट्यांचा आधार घ्यावा लागला.

गैरसमज: सरकारी पैशाशिवाय मोठी सार्वजनिक सेवा टिकत नाही.
वस्तुस्थिती: ब्रिटनच्या किनाऱ्यावर बुडत्यांना वाचवणारी ‘आरएनएलआय’ १८२४ पासून प्रामुख्याने देणग्यांवर चालते आणि तिच्या बोटींवर बहुतांशी स्वयंसेवक असतात. तिने १८५४ पासून सरकारी अनुदान घेतले होते. १८६९ मध्ये ते थांबले, संस्था चालूच राहिली.

याचा अर्थ सगळेच असे निभावते असा नाही. फ्रेंडली सोसायट्यांच्या छत्राखाली बहुतेक बायका-मुले आणि अतिगरीब नव्हते. देणग्यांवरची रुग्णालयेही पैशाअभावी खंगत गेली आणि १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवेत सामील झाली.

गैरसमज: लोकांनी स्वेच्छेने आपसांत स्वतःचे चलन काढले की कर चुकतो.
वस्तुस्थिती: अदलाबदलीने केलेला धंदाही ब्रिटनमध्ये करपात्र असतो. २०१२ मध्ये सुरू झालेला ‘ब्रिस्टल पौंड’ हे स्थानिक चलन तर शहर कौन्सिल कर म्हणून स्वीकारत असे आणि महापौर जॉर्ज फर्ग्युसन यांनी आपला पगारच त्यात घेतला.