खालून वाचायची बंदूक

आमच्या घरच्या बंदुकीच्या परवान्यावर ‘कंपनी’ या रकान्यात ‘नॉट फॉर बॉल’ असं लिहिलेलं आहे. कधीकाळी कुठल्याशा कारकुनानं नळीवरची अक्षरं वाचली, त्यातली ठळक दिसली ती उतरवली आणि शिक्का मारला. पुढच्या प्रत्येक नूतनीकरणात तेच नाव पुढे सरकत राहिलं. खोडदच्या वाड्यात ही बाराबोअरची दुनळी पणजोबांच्या काळापासून आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना, उसात बिबट्या, मक्यात रानडुकरं. त्यांच्यावर बार काढल्याचं मात्र हयात असलेल्या कुणाला आठवत नाही. आचारसंहिता लागली की ती गोणपाटात गुंडाळून ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर परत येते. एवढाच तिचा प्रवास.

मला तिच्यात रस वाटू लागला तो तिच्या रंगामुळे. नळ्यांची वरची बाजू गुळगुळीत करडी. तात्यांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या लग्नाआधी कुणीतरी हौसेनं काचपेपर मारून तिला ‘नवी’ केलेली. पण नळ्यांखालचं लाकूड काढलं तेव्हा त्याच्या आड भलतंच काही दिसलं. बारीक कुरळ्या रेषा, तपकिरी आणि रुपेरी, एकीत एक वळलेल्या, तेलात भिजलेल्या केसांसारख्या. लाकडानं झाकलेल्या त्या वीतभर जागेत काचपेपर पोचला नव्हता.

“हे गंजलंय होय रे?” तात्यांनी विचारलं.

गंज नव्हता. ती दमास्कस नळी होती.

या नावानं बरेच गोंधळ होतात. तलवारीच्या गोष्टींतलं दमास्कस पोलाद वेगळं. ते मुशीत वितळवून केलेलं दख्खनचं पोलाद. त्यावरचे लहरी ठसे थंड होताना धातूच्या पोटात आपोआप बसतात. इंग्रजांनी त्याला ‘वूट्झ’ म्हटलं, तो शब्द कानडी ‘उक्कु’वरून आला असं मानतात. आजच्या तेलंगणातल्या कोनसमुद्रमचं पोलाद घ्यायला इराणी व्यापारी येत असत. बंदुकीच्या दमास्कस नळीत मात्र ओतकाम नाही. तिथे सगळं जोडकाम, घणाचं. युरोपनं ते तुर्की आणि पूर्वेकडच्या नळ्या पाहून उचललं. हिंदुस्थानातल्या तोड्याच्या बंदुकांच्या नळ्याही पट्टी गुंडाळून घडवत, हे जुन्या संग्रहांतल्या बंदुकांवर दिसतं.

कुऱ्हाडीच्या लोखंडाला पोलादाची धार भरताना ज्यानं पाहिलं असेल त्याला या कामाचं मर्म लगेच कळेल. लोखंड मऊ, ते आघात सोसतं. पोलाद कडक, ते टिकतं. दोन्ही पिवळी-पांढरी होईतो ताव देऊन एकत्र ठोकली की एक होतात. दमास्कस नळीसाठी लोखंडाच्या आणि पोलादाच्या पातळ पट्ट्या आलटून पालटून रचतात, तापवून जोडतात आणि त्यांची लांब चौकोनी सळई ओढतात. मग ती सळई तापवून पिळतात, अगदी चरकात दोरीला पीळ भरावा तशी. अशा दोन-तीन पिळलेल्या सळया, शेजारशेजारचे पीळ उलट दिशेचे ठेवून, एकमेकींना चिकटवून पट्टी करतात. ती पट्टी गोल कांड्यावर सर्पाकार गुंडाळायची आणि कडेला कड घणाखाली जोडत न्यायची. बाकी काम पोखरण्याचं आणि घासण्याचं. सुरुवातीच्या लोखंडातलं बरंचसं भुकटी होऊन खाली पडतं. दोन नळ्या पट्ट्यांसकट डाक देऊन जोडल्या की शेवटी आम्ल. लोखंड आणि पोलाद आम्लात सारखे रंगत नाहीत, आणि त्या फरकातून नक्षी उगवते. ती वरून काढलेली नसते. नळी जितकी जाड, तितकी नक्षी खोल. काचपेपरनं तात्यांच्या बंदुकीचा रंग गेला, नक्षी गेली नाही. ती तिथेच आहे, फक्त दिसत नाही.

या कामाचं सर्वांत मोठं ठिकाण बेल्जियममधल्या लिएज शहराजवळ, व्हेस्द्र नदीच्या खोऱ्यात. नेसॉन्व्होसारख्या गावांत घरोघरी भाते चालत. नक्षीची बरीच नावंही तिथलीच. ‘क्रोल’ म्हणजे त्यांच्या बोलीत केसांची कुरळी बट. ‘बर्नार’ पॅरिसच्या लेओपोल्द बर्नार या नळीकाराच्या नावावरून. ‘घोड्याचा नाल’ नावाचीही एक नक्षी आहे, जिचे वळसे उघड्या नालांसारखे दिसतात. नावांची यादी करायला बसलो तर ही पानं अपुरी पडतील, आणि तिचा उपयोगही थोडाच, कारण विक्रेते तीच नक्षी वेगळ्या नावानं विकत. नाव पाठ करण्यापेक्षा सळया मोजाव्यात. पट्टीची कड कुठे कडेला भिडली आहे ती तिरकी रेष शोधायची आणि तिथपासून पुढच्या अशाच रेषेपर्यंत कुरळ्या ओळी मोजायच्या. दोन ओळी तर दोन सळयांची, तीन तर तीन सळयांची. आमच्या बंदुकीच्या लाकडाआडच्या भागात तीन ओळी स्वच्छ मोजता येतात. सळया जितक्या जास्त आणि नक्षी जितकी बारीक, तितकी मेहनत आणि पैसा जास्त.

तीन सळयांच्याही आधीची एक जात मला फार आवडते. तिला ‘स्टब ट्विस्ट’ म्हणतात. बर्मिंगहॅमचे कारागीर घोड्यांच्या नालांचे झिजलेले खिळे पिंपे भरभरून विकत घेत. घोड्यांच्या पायांखाली ठोकले जाऊन त्यांचं लोखंड मऊ आणि चिवट झालेलं असतं अशी त्यांची समजूत होती. ते खिळे धुवून, निवडून, भट्टीत एकजीव करून त्याची नळी करायची. अशा किरकोळ लोखंडातून इतकं शानदार काही निघू शकतं, हे आमच्या भागात पटवून द्यावं लागत नाही. गावच्या शिवारात महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बिणीचे ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या उभ्या आहेत, आणि त्यांचा पृष्ठभाग म्हणजे पोलादाच्या बारीक तारांची जाळी आहे.

नकलाही होत्या, आणि भरपूर. साध्या नळीवर आम्लानं किंवा छापून नक्षी उमटवायची आणि दमास्कसच्या दरात विकायची. त्या ओळखायला जागा तीच, जिथे कुणी पाहत नाही. नकली नक्षी लाकडाखाली संपते किंवा जिथे छापाचा कागद जोडला तिथे तुटते. खरी दोन नळ्यांमधल्या पट्टीखालीही असते, तोंडाच्या कडेवरही असते.

आता खुणांकडे. बंदूक मोडून नळ्या सुट्या केल्या की बुडाशी सपाट पृष्ठभाग मिळतो. तिथे तिची खरी ओळख कोरलेली असते. वरच्या पट्टीवरचं नाव वाचून फसणारे अनेक. ते नाव बहुधा दुकानदाराचं. फ्रेडरिक मॅन्टननं १८२५ साली कलकत्त्यात थाटलेल्या दुकानाची किंवा रॉडा कंपनीची नावं असलेल्या कितीतरी बंदुका बनल्या दुसरीकडेच. त्यातल्या रॉडा कंपनीचं नाव १९१४ च्या ऑगस्टमध्ये क्रांतिकारकांनी माउझर पिस्तुलं पळवल्यामुळे इतिहासात गेलं, पण तो वेगळा विषय.

बुडाशी असतात ती प्रूफ हाउसची चिन्हं. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ च्या कायद्यानं आलं. त्यांचं काम सोपं आणि निर्दय. नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून बार काढायचा. नळी फुटली तर संपली, टिकली तर शिक्का. कच्च्या नळीला एकदा, तयार बंदुकीला दुसऱ्यांदा. बर्मिंगहॅमचा शिक्का म्हणजे मुकुट, एकमेकांवर आडवे राजदंड आणि भोवती बी, सी, पी ही अक्षरं. तसाच दुसरा व्ही अक्षराचा, तो तपासणीचा. लंडनचा मुकुटाखाली गुंतलेल्या जी-पीचा. लिएजच्या खुणेत लंबगोलात ई, एल, जी ही अक्षरं असतात आणि १८९३ नंतर त्यांच्यावर मुकुट दिसतो.

आमच्या बंदुकीवर आडवे राजदंड आहेत. आणि त्यांच्याशेजारी ते तीन शब्द. ‘नॉट फॉर बॉल’, म्हणजे सबंध गोळी घालू नका. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमनं चोक असलेल्या, म्हणजे तोंडाशी किंचित आवळलेल्या नळ्यांवर हे शब्द ठोकायला सुरुवात केली. छर्रे अशा नळीतून जातात, जाड गोळी अडकून नळी फाडते. १८८७ मध्ये नियम बदलला आणि हे शब्द गेले. त्याच वर्षापासून चौकटीत १२ आणि सी असा काडतुसाच्या घराचा शिक्का आला. आमच्या नळीवर तो नाही. म्हणजे जो कारकुनाला कंपनीचं नाव वाटला तोच शिक्का बंदुकीची जन्मतारीख सांगतो. १८७५ ते १८८७.

चौकटीतल्या त्या ‘१२’ या आकड्यातही एक गंमत आहे. ‘बाराबोअर’ हे माप इंचांतलं नाही. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल, ती बाराबोअर. तेरा केल्या तर गोळी लहान, नळीही बारीक. आकडा मोठा, तोंड लहान.

नळ्यांच्या बुडाशी आणखी एक खूण आहे, दोन बारीक अक्षरांची. ती नळीकाराची असते, बंदूककाराची नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्मिंगहॅममध्ये बेल्जियमच्या कच्च्या नळ्या मोठ्या प्रमाणावर येत. तिथेच पोखरल्या, तिथेच शिक्का मारला, आणि वर इंग्रजी दुकानाचं नाव. पहिल्या महायुद्धात लिएजचा दमास्कस नळ्यांचा धंदा मोडला तो मग सावरलाच नाही. तोवर सरळ ओतीव पोलादाच्या नळ्या स्वस्त झाल्या होत्या, आणि धूरविरहित दारूचा दाब वाढला होता.

त्या दाबाचीच गोष्ट मी तात्यांना सगळ्यात आधी सांगितली. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली शक्तिमान काडतुसं त्यांच्या कपाटात आहेत. इतक्या जुन्या नळीला ती नकोत. ही काळ्या दारूसाठी घडवलेली, आणि तिचं घरही कदाचित आखूड. जाणत्या बंदूककारानं मापल्याखेरीज बार काढू नये. कुठल्याही कारणानं पुन्हा काचपेपर तर नकोच. रुईचा बोळा आणि पातळ तेल, एवढं पुरे.

तात्यांनी ऐकून घेतलं. गोणपाट उलगडलं, पुन्हा बांधलं.

पुढच्या निवडणुकीला मी त्यांच्यासोबत ठाण्यात गेलो. ओळीनं बंदुका, प्रत्येकीला दोरीनं चिठ्ठी. तरुण हवालदारानं परवाना उघडला, नळीकडे पाहिलं, पुन्हा परवान्याकडे.

“काका, हे कंपनीचं नाव चुकलंय वाटतं. दुरुस्त करू का?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात तात्या म्हणाले, “राहू द्या साहेब. तेच लिहा. नाहीतर मागलं रजिस्टर जुळायचं नाही.”

त्यानं चिठ्ठीवर लिहिलं, ‘नॉट फॉर बॉल’, आणि बंदूक ओळीत ठेवली.