क्रीडांगण साधनांची सुरक्षा मानके

सार्वजनिक क्रीडांगणांवरील झोपाळा, घसरगुंडी, सीसॉ, चढण्याच्या चौकटी इ. साधनांची रचना, मांडणी, त्यांखालील जमीन व देखभाल यांविषयीचे तांत्रिक नियम. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील शहरांत उभारलेली पोलादी साधने उंच व दणकट असत. त्यांखाली पुष्कळ ठिकाणी डांबरी वा काँक्रीटची जमीन असे. साधन मोडू नये, एवढाच विचार त्यांत प्रामुख्याने दिसतो. मूल पडणारच, हे गृहीत धरून नियम करण्यास बराच काळ जावा लागला.

पश्चिम जर्मनीने १९७६ मध्ये, तर ब्रिटनने १९७९ मध्ये राष्ट्रीय मानके प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची १९८१ ची मार्गदर्शिका ऐच्छिक होती. यूरोपात १९९८ मध्ये ईएन ११७६ (साधने) व ईएन ११७७ (जमीन) ही समाईक मानके आली.

बहुतेक दुखापती खाली पडल्याने होतात; त्यामुळे जमिनीची कसोटी सर्वांत महत्त्वाची ठरली. मोटार-अपघातांच्या संशोधनातून घेतलेला ‘शिर-आघात निकष’ तीत वापरतात. त्वरणमापक बसविलेले कृत्रिम शिर वाढत्या उंचीवरून टाकतात. ज्या उंचीस निर्देशांक १,००० होतो, ती त्या जमिनीची क्रांतिक पतनउंची. साधनावरून पडण्याची उंची तीहून अधिक चालत नाही. यूरोपीय मानकानुसार ती ३ मी. च्या पुढेही जाऊ नये. अमेरिकी मार्गदर्शिकेनुसार दबलेल्या २३ सेंमी. वाळूचा थर सु. १.२ मी. उंचीपर्यंत पुरतो, तेवढाच लाकडी चिपांचा थर सु. ३ मी. पर्यंत. हा निकष डोक्यापुरताच आहे; हाताची हाडे मोडणे त्याने टळतेच असे नाही.

सु. ९ ते २३ सेंमी. रुंदीच्या फटी निषिद्ध मानल्या जातात, कारण मूल पायांकडून त्यांतून सरकते व डोके अडकून गळफास बसतो. घसरगुंडीच्या कडेत टोपीची नाडी अडकून मृत्यू घडल्यामुळे अमेरिकी आयोगाला १९९६ मध्ये मुलांच्या कपड्यांविषयीही सूचना काढाव्या लागल्या.

सुरक्षेच्या धास्तीने क्रीडांगणे नीरस झाली, हा आक्षेप निराधार नाही. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी मंडळाने २०१२ मध्ये जोखीम पूर्णपणे नाहीशी करणे हे उद्दिष्ट नसल्याचे स्पष्ट केले. प्रत्यक्षात खरी उणीव बहुधा देखभालीत आढळते : झोपाळ्याखालची वाळू मुलांच्या पायांनीच बाजूला सारली जाते आणि खाली कठीण जमीन उघडी पडते. म्हणून यूरोपीय मानकात नित्य पाहणी, एक ते तीन महिन्यांनी तपासणी व वार्षिक मुख्य तपासणी असे तीन टप्पे सांगितले आहेत.